औंधचा बॅरिस्टर, कुंडल रोडचा इंजिनिअर

१९३७ साली अप्पासाहेब पंत विलायतेहून औंधला परतले. वय पंचविशीचं, ऑक्सफर्डचे एम. ए., लिंकन्स इनचे बॅरिस्टर. संस्थानिकाच्या मुलाने विलायतेहून येताना काय आणायचं, याचे तेव्हा ठरलेले नमुने होते: मोटार, जातिवंत कुत्री, पोलोची हौस आणि इथल्या उन्हाचा कंटाळा. अप्पासाहेबांनी यातलं काही केलं नाही. परतल्यावर दोन वर्षांच्या आत वडिलांचं राज्य प्रजेच्या हाती सोपवण्याच्या खटपटीत ते पुढे होते. आणि नवल असं, की वडील त्यांच्याही पुढे होते.

औंध संस्थान नकाशावर एका जागी सापडत नाही. एक तुकडा औंधचा, आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. दुसरा कुंडलचा, तिसरा आटपाडीचा, हे दोन्ही आज सांगली जिल्ह्यात. चौथा थेट विजापूरकडे गुणदाळला. मधेमधे इंग्रजांचा मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थानं. गावं सगळी मिळून ७२, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. पाऊस बेताचा, माण आणि येरळेच्या काठाला जेमतेम हिरवळ, बाकी माळ. अशा संस्थानाचे राजे म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, पदवीधर. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला लाख रुपयांचा आधार देणारे, पंडित सातवळेकरांना औंधात आणून बसवणारे.

बाळासाहेबांचं नाव आज सर्वांत जास्त घेतलं जातं ते सूर्यनमस्कारांमुळे. पण नमस्कारांकडे ते वळले विलायतेच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या प्रशियन पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. बाळासाहेबांनी त्याचं पुस्तक आणि व्यायामाची साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं इमानेइतबारे सँडोचा व्यायाम केला. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांवर आले. घरात लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, पण तिची किंमत कळायला मधे एक परका उस्ताद यावा लागला. पुढे त्यांनी शाळाशाळांतून नमस्कार सुरू केले. १९३६ मध्ये ते लंडनला असताना लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या नमस्कारांबद्दल लिहिलं, आणि १९३८ मध्ये लंडनच्या प्रकाशकाने त्यांचं 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक काढलं. सँडोचं देणं अशा रीतीने व्याजासकट फिटलं.

औंधच्या डोंगरावर, यमाईच्या वाटेवर त्यांनी १९३८ मध्ये उभं केलेलं भवानी चित्रसंग्रहालय पाहिलं की या माणसाच्या मनाची ठेवण लक्षात येते. रविवर्म्याची चित्रं, पहाडी लघुचित्रं, युरोपीय चित्रांच्या नकला आणि हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प. मूर त्या वेळी इंग्लंडातही सर्वमान्य झालेला नव्हता. खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर तो आला तो या राजाच्या पारखीमुळे.

अशा बापाच्या हाताखाली अप्पासाहेब परतले, हे आधी सांगायला हवं. ऑक्सफर्डने मुलगा घडवला आणि मुलाने संस्थान बदललं, ही सरळ गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण खरी नाही. अप्पासाहेबांची बंगळूरला मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या ज्यू इंजिनिअरशी गाठ पडली. फ्रिडमन तिथल्या सरकारी विजेच्या कारखान्यात मोठ्या जागेवर, पण ओढा सगळा गांधी आणि अध्यात्म यांच्याकडे. बाळासाहेबांनी त्यांना औंधला मागून घेतलं. राजाने सत्ता सोडावी ही कल्पना फ्रिडमननी मांडली. ती ऐकून राजा चिडला नाही. म्हणाला, मसुदा करा. १९३८ च्या अखेरीस घोषणा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली.

मसुदा घेऊन बॅरिस्टर गेले ते गांधींकडे. विलायतेत कायदा शिकलेला हा दुसरा बॅरिस्टर, काठेवाडचा, तोवर पंचा नेसून सेवाग्रामात बसला होता. ऑक्सफर्डहून आलेल्या माणसाच्या डोक्यात लोकशाही म्हटलं की वरून खाली येणारी रचना असते: आधी पार्लमेंट, मग बाकीचं. गांधींनी ती उलटी करायला लावली. पायाशी गावची पंचायत, गावाने निवडलेली; त्या पंचायतींमधून तालुक्याची समिती; आणि तिच्यातून विधिमंडळ. मतदाराला लिहितावाचता यावं, हा आग्रहही त्यांचाच. त्यामुळे झालं असं, की मत द्यायचं म्हणून माणसं अक्षरं गिरवू लागली आणि संस्थानाच्या खर्चात शाळेला मान मिळाला. राजघराण्याने साधेपणाने राहावं आणि अप्पासाहेबांनी नोकऱ्या-मानमरातबांच्या मागे न लागता औंधातच काम करावं, अशाही अटी होत्या. विलायतेच्या शिक्षणावर सेवाग्रामची ही दुसरी शिकवणी बसली नसती, तर औंधला एक छोटं नकली पार्लमेंट मिळालं असतं, एवढंच.

याच काळातली आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची वसाहत आजही नांदती आहे. कल्पना फ्रिडमन यांची. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीत न कोंडता माळावर जमीन द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं, राबू द्यायचं. १९३९ च्या सुमाराला हा वेडेपणाच वाटला असणार. आटपाडीच्याच मुलुखातल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आंखें बारह हाथ' केला. सिनेमा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागचा पोलिश इंजिनिअर फारसा कुणाला ठाऊक नाही. फ्रिडमन नंतर मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांपाशी बसू लागले, एका विडी-दुकानदाराची मराठी बोलणी त्यांनी इंग्रजीत आणली, आणि 'आय अॅम दॅट' हे पुस्तक १९७३ मध्ये जगाच्या हाती पडलं.

औंध १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. घटना जेमतेम नऊ वर्षं चालली. अप्पासाहेब त्यानंतर भारत सरकारचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले, मग सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त करत १९६९ मध्ये लंडनला उच्चायुक्त झाले. म्हणजे ज्या शहरात विद्यार्थी म्हणून बॅरिस्टरीची जेवणं जेवले, तिथेच देशाचे प्रतिनिधी म्हणून बसले. पण आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा दूतावासांच्या बरोबरीने औंधचं बिऱ्हाड त्यांच्या पाठीशी होतंच. १९८९ मध्ये त्यांनी वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

साताऱ्याच्या माणसाचं लंडनशी नातं याच्या शंभर वर्षं आधीचं. छत्रपती प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. गेले ते चौदा वर्षं राहिले. त्यांचं शिक्षण कुठल्या विद्यापीठात झालं नाही. इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बोलले, पत्रकं छापली, कर्ज काढून दिवस काढले. दरम्यान प्रतापसिंह काशीला वारले, १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा झालं. रंगो बापूजी १८५३ मध्ये परतले ते इंग्रजांच्या न्यायावर उरलासुरला विश्वास घालवून. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव करणाऱ्यांत ते होते. मुलगा फाशी गेला, ते स्वतः नाहीसे झाले. लंडन जवळून पाहिल्याचा हाही एक परिणाम.

आता कुंडल रोड. औंध संस्थानाच्या कुंडल तुकड्यात, पुणे-मिरज लोहमार्गावरचं एक आडस्टेशन. १९१० मध्ये बेळगावातली जागा सोडावी लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे आले. जुन्या स्नेहातून बाळासाहेबांनी स्टेशनालगतची माळजमीन दिली, वर बिनव्याजी दहा हजार रुपये. जमिनीवर निवडुंग आणि साप. याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याच्या राखणीला लक्ष्मणरावांनी दरोड्यासाठी शिक्षा भोगलेली माणसं ठेवली. स्वतंत्रपूरची बीजं या मातीत आधीपासून होती म्हणायची.

लक्ष्मणराव परदेशात शिकले नव्हते. अमेरिका त्यांच्याकडे पोस्टाने यायची: यांत्रिकीची मासिकं, यंत्रांचे कॅटलॉग. त्यातून बघून कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. पहिले नांगर दोन वर्षं विकले गेले नाहीत, कारण लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. या वादात दोन्ही बाजूंना आपापल्या परीने मातीची काळजी होती, हे विसरून चालत नाही. शेतकऱ्याने नांगर घ्यावा म्हणून त्याच्या बांधावर जावं लागे, चालवून दाखवावा लागे. काही काळ हे नांगर विकत हिंडणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचा एक धिप्पाड तरुणही होता. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचंही काम त्यांनी केलं. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

१९२२ मध्ये लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनु याला बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धाडलं. इंग्लंडला न पाठवता अमेरिकेला, हा निर्णय बोलका आहे. विलायतेला जाणारा बहुतेक बॅरिस्टर किंवा आय. सी. एस. होऊन यायचा आणि साहेबाच्या खुर्चीशेजारी खुर्ची मागायचा. अमेरिकेत खुर्चीचा प्रश्न नव्हता. तिथे यंत्र कसं करतात ते शिकायचं होतं. शंतनुराव १९२६ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी घेऊन निघाले आणि मुंबईत न थांबता वाडीत परतले. हेन्री फोर्डच्या अमेरिकेतून आलेल्या तरुणासमोर काय होतं? ओतकामाची भट्टी, चरक, रहाट, नांगर, आणि पेरणीच्या दिवसांत शेतावर जाणारे कामगार. फोर्डच्या पद्धती इथे जशाच्या तशा चालणं शक्य नव्हतं. वाडीत हळूहळू लेथसारखी कामाची यंत्रं होऊ लागली, मग १९४० च्या दशकात हरिहर, बंगळूर, पुणे असा पसारा वाढला. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचं नाव 'कॅक्टस अँड रोझेस'. निवडुंग वाडीच्या माळावरचा होता, आणि गुलाबही तिथेच लावलेले.

वाडीची आणखी एक गंमत म्हणजे ती नुसती लोखंडाची नव्हती. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याच्या जाहिरातीसाठी काढलेल्या 'किर्लोस्कर खबर'चं मोठं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. फाळ आणि लेख एकाच पत्त्यावरून निघत. अमेरिकेची, रशियाची, जर्मनीची ओळख महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना या आडस्टेशनावरून झाली. परदेशी न जाताही परदेशाशी तुलना करण्याची सवय मध्यमवर्गाला लावण्यात या मासिकांचा हात मोठा आहे.

इथवरची माणसं राजाची मुलं, कारखानदाराची मुलं. परतायला त्यांना वाडा होता, वाडी होती. याच मुलुखातून गेलेल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याचं तसं नव्हतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी या मुलाचं नाव दाखल झालं. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. पुढच्या वर्षी वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते आणि मुलं त्यांना भेटायला निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तपशिलाने सांगितला आहे. मुलांनी विलायती धाटणीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं आणि नवे जोडे घातले होते. मसूर स्टेशनावर उतरली. नेणारं कुणी आलं नव्हतं. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती बड्या घरची वाटली. जात कळताच तो मागे सरला. बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार, असं ठरलं. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही. रात्र तशीच काढली.

हाच खटाव तालुका, ज्यात औंधची टेकडी आहे.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्र केलं, आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींची यंत्रणा आणि उगम यावर निबंध वाचला. परदेशात राहून मायदेशाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुधा हळवं असतं. हा निबंध तसा नाही. मसूर ते गोरेगावची वाट त्यांनी अंगावर झेलली होती, पण ती वाट कुणी आणि कशी आखली हे मांडायला कोलंबियाचं वाचनालय लागलं. पुढे लंडनला सुरू केलेलं शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. आठवणींत ते म्हणतात, की परदेशातल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती पुन्हा जागी झाली. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत थांबले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढलं. शिष्यवृत्ती देणारा राजा होता, नोकरी होती, पण निजायला खोली नव्हती.

अप्पासाहेबांच्या परतण्यापुढे हे परतणं ठेवलं की परदेशी शिक्षणाने 'मातृभूमीची ओढ वाढते' ही भाषा अपुरी पडते. ओढ दोघांनाही होती. पण मायदेशी आल्यावर माणसाला तिथे उभं राहू दिलं जातं का, यावर त्या ओढीचं काय होणार ते ठरतं. आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, शिक्षण पुरं केलं, बॅरिस्टर झाले, आणि मग जे उभं केलं ते स्वतःच्या पायावर.

नांगर विकणारे भाऊराव पाटील हे जाणून होते. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह. मुलं एकत्र रांधत, एकत्र जेवत, कष्ट करून शिकत. या संस्थेतल्या पी. जी. पाटलांना विलायतेला पाठवून भाऊरावांनी बॅरिस्टर केलं. ते परतले आणि संस्थेतच रुजू झाले; साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचे प्राचार्य, पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांचं एक काम मात्र पदांपेक्षा टिकाऊ आहे: महात्मा फुल्यांचं लेखन त्यांनी इंग्रजीत नेलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातच. विलायतेत कमावलेलं इंग्रजी बॅरिस्टराने कोर्टात खर्च केलं असतं तर पैसे मिळाले असते. त्यांनी ते फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'साठी वापरलं.

आज सांगलीच्या विश्रामबागेत आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावर जर्मन भाषेच्या आणि परदेशी प्रवेशाच्या क्लासेसचे फलक दिसतात. जाणाऱ्यांत द्राक्षबागायतदाराची मुलं आहेत, शिक्षकांची आहेत, आणि राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जाणारी अनुसूचित जातींची मुलंही आहेत. परतणारे थोडे. कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण बर्कलीहून अभियांत्रिकी शिकून परतले आणि मुख्यमंत्री झाले, पण राजकारणात परतणाऱ्याला घरची जागा असते. शेतीत परतणं अवघड.

त्या दृष्टीने फलटण बघण्यासारखं आहे. बी. व्ही. निंबकर यांची आई अमेरिकन. अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेऊन ते फलटणला जमीन कसायला आले आणि १९६८ मध्ये त्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. त्याच काळात उलट दिशेने मॅक्सीन बर्नसन आल्या. फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध करायला आलेली ही अमेरिकन बाई इथेच राहिली, भारताची नागरिक झाली आणि प्रगत शिक्षण संस्थेतून फलटणच्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवत राहिली. परदेशी शिकायला जाणं म्हणजे पश्चिमेला जाणं, हा समज तिने बिनबोलता मोडला.

निंबकरांची मुलगी चंदा यांनी मेंढीपालनातली पीएच. डी. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून केली. ऑस्ट्रेलिया म्हणजे मेरिनो, लोकर, हजारोंचे कळप. फलटण-लोणंदकडची दख्खनी मेंढी काळी, राकट, चारा कमी असला तरी तग धरणारी, पण एका वेताला एकच कोकरू देणारी. मेरिनोची बात न करता फलटणच्या संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली गारोळे ही बुटकी मेंढी गाठली, कारण तिच्यात जुळी-तिळी देणारा जनुक आहे. तो दख्खनी मेंढीत उतरवायला कित्येक पिढ्यांचं संकर आणि निवड लागली. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. धनगरांच्या कळपात ती गेली तेव्हा पहिला प्रश्न आला तो दुधाचा. दोन कोकरांना आईचं पुरत नाही, एकाला वरचं पाजावं लागतं आणि कळप तर रोज चालत असतो. मग कोकरांना खुराक कधी आणि किती द्यायचा, कोणती मागे ठेवायची, याच्या वेळा धनगरांच्या घरातल्या बायकांशी बोलून बसवाव्या लागल्या.